जावयासमोर वारा

बाना लोंबेचं पोट तिसऱ्यांदा फाडायचं ठरलं होतं. ते फाडायची गरज नाही हे अख्ख्या हॉस्पिटलात फक्त मला माहीत होतं, आणि माझ्या बोलण्यावर कुत्रंही विश्वास ठेवायला तयार नव्हतं. सांगते. पण मध्ये बोलू नका, कारण आठवलं तरी मला हसू आवरत नाही.

मी बाना वूसी, म्हणजे वूसीची आई. ती लोंबेची आई म्हणून बाना लोंबे. बाजारात माझं घेवड्याचं दुकान आणि माझ्या उजव्या हाताला तिचं सुक्या मासळीचं. माझ्या घेवड्याला तिच्या मासळीचा वास लागतो म्हणून मी रोज भांडते आणि तिच्या मासळीत माझ्या घेवड्यातले किडे जातात म्हणून ती भांडते. ती बेंबा जमातीची, मी न्गोनी. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि त्याची भरपाई म्हणून आम्ही पतवंडं जन्मभर एकमेकांची टर उडवतो. अशांना आमच्याकडे थट्टेची भावंडं म्हणतात; कुणी कितीही बोललं तरी रागवायचं नाही, हा कायदाच आहे. मी तिला माकडखाऊ म्हणते, ती मला उंदीरखाऊ म्हणते. तिच्या नवऱ्याच्या मयतीला मी खड्ड्यात उतरून आडवी झाले होते आणि जागा झकास आहे, मी उठणार नाही, म्हाताऱ्याला दुसरीकडे न्या म्हणून हटून बसले होते. रडणारी सगळी माणसं हसली, तीसुद्धा हसली. तेच तर माझं काम होतं.

तर तिचं पोट. पहिल्यांदा ते उघडलं गर्भाशयातल्या गाठीसाठी. गाठ गेली, बाई टुणटुणीत झाली. वर्ष सरलं आणि पोट ढोलासारखं फुगायला लागलं, कळा यायला लागल्या, हिरवं ओकायला लागली. डॉक्टर सिताली म्हणून बाई आहेत, पश्चिमेकडच्या लोझी, हाताने हुशार आणि जिभेने तिखट. त्यांनी सांगितलं की ऑपरेशन झालं त्या जागी आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटली आहेत, वाट अडली आहे. पुन्हा उघडलं, चिकटलेलं सोडवलं, शिवलं. बाई पुन्हा बाजारात, पुन्हा भांडण, मला वाटलं संपलं.

संपलं कुठलं! त्या सोमवारी ती मासळी मोजून देता देता वाकली ती वाकलीच. गिऱ्हाइकाची पिशवी तिने सोडली नाही, पण तोंड राखेसारखं झालं. मी तिला टॅक्सीत घातलं, वाटेत शिव्या घातल्या, म्हटलं माकडं खाऊन ही गत झाली. ती हसली नाही. गेल्या खेपेला कळा येत असताना पण ती हसली होती.

डॉक्टर सितालींनी या वेळी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. पोटात जिथे जिथे सुरी लागते, हात लागतो, तिथे तिथे आतून पुन्हा नव्याने चिकटतं. सोडवायला उघडावं लागतं आणि उघडलं म्हणूनच पुन्हा चिकटतं. आता आत धड मोकळी जागाच उरलेली नाही. तिसऱ्यांदा गेलं तर बहुतेक आतड्याचा तुकडा कापावा लागेल, पोटावर भोक पाडून पिशवी लावावी लागेल, आणि बाई टेबलावरून उठेल असं वचन मी देत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग उघडू नका. त्या म्हणाल्या, मलाही उघडायचं नाही. पुष्कळदा नाकात नळी घालून, तोंडाने काही न देता, सलाईनवर ठेवलं की अडलेलं आपोआप सुटतं. वाट बघू. पण फार वाट बघितली आणि सुटलं नाही तर आतडं आतल्या आत सडतं, मग देवही काही करू शकत नाही.

सुटलं हे कळणार कसं, तर वारा सरला की कळणार. एवढंच. इतकी शिकलेली डॉक्टर, एवढी मशीनं, आणि शेवटी सगळा हवाला एका पादण्यावर. बायकांच्या वॉर्डातल्या झाडून सगळ्या पेशंट कान टवकारून बसल्या. खिडकीजवळची एक म्हातारी तर रोज सकाळी देवाला हात जोडून बाना लोंबेसाठी वारा मागायची.

आता जावयाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बाना लोंबेच्या पोरीचा, म्हणजे लोंबेचा नवरा मुकुका याच हॉस्पिटलात कामाला, ऑपरेशनच्या आधी भूल देणारा. भूल देणारा इथे तो एकटाच. तो रजेवर गेला की ऑपरेशनं थांबतात. पोरगा गुणी आहे, पण जावई तो जावई. बेंबांच्यात जावयाने सासूसमोर उभं राहायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही. वाटेत सासू दिसली की त्याने गवतात शिरायचं. हे सगळं सुटतं ते जावयाला घरात घ्यायचा विधी झाल्यावर. त्या विधीला सासरच्यांनी पातेल्यांवर पातेली रांधायची असतात, आणि दर खेपेला बाना लोंबेने चुलीची तयारी केली की तिचं पोट आडवं यायचं. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. लोंबे असती तर मध्ये बोलली असती. पण ती घरी नुकती बाळंत झालेली, तान्हं घेऊन हॉस्पिटलात कशी येणार? मग मध्ये कोण, तर मी.

रोज सकाळी डॉक्टर सिताली वॉर्डात यायच्या, मागे नर्स चोंबा, तिच्या मागे मुकुका. डॉक्टर त्यांच्या मोडक्या बेंबात विचारायच्या, आई, वारा सरला का? बाना लोंबे छताकडे बघायची. डॉक्टरांना वाटायचं आपली भाषा कळली नाही, म्हणून त्या मुकुकाला म्हणायच्या, तू नीट विचार. मुकुका घामाघूम होऊन भिंतीकडे तोंड करायचा आणि भिंतीला सांगायचा की बाना वूसींना विनंती आहे, त्यांनी कृपा करून आईंना विचारावं. मी बाना लोंबेकडे वळून विचारायची. ती मला सांगायची, नाही. मी भिंतीकडे तोंड केलेल्या मुकुकाला सांगायची, नाही. मुकुका डॉक्टरांना सांगायचा, नाही. पलंगाएवढं अंतर, पण उत्तर अख्ख्या गावाला वळसा घालून जायचं.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. वॉर्डावर मरणकळा पसरली होती, सगळ्यांची तोंडं उतरलेली. मुकुकाने भिंतीला विचारलं, आणि मी दोन्ही तळवे तोंडाला लावून असा काही आवाज काढला की खाणीचा भोंगा लाजावा. वर ओरडले की सरला, बेंबांच्या राणीचा वारा सरला, माकडाच्या मटणाचा वास येतोय. वॉर्ड हसून लोळला. नर्स चोंबाने लिहायला पेन काढलं होतं, ती पण हसली. बाना लोंबेने डोळे मिटून घेतले, पण तिचं पोट हसण्याने हललेलं मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

डॉक्टर सिताली हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, त्या एका गोष्टीवर मी सुरी उचलायची की नाही ते ठरणार आहे. त्याची पुन्हा थट्टा केलीत तर वॉर्डाबाहेर काढीन." त्यांना काय ठाऊक! थट्टा करणं माझा हक्क आहे, ती न करणं म्हणजे बाना लोंबेचा अपमान. पण वॉर्डाबाहेर जायचं नव्हतं, म्हणून मी तळवे खाली घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच वरात आली. डॉक्टरांनी पोट चाचपलं. पोट अजून तट्ट होतं. विचारणं भिंतीला धडकून माझ्याकडे आलं, मी तिला विचारलं, आणि तिने मान हलवली, नाही. डॉक्टर सितालींनी तिची चादर परत सारखी केली. मग म्हणाल्या की आता थांबणं म्हणजे तिला मारणं, थिएटर तयार करा, मुकुका, तू भुलीची तयारी कर.

मुकुकाचं तोंड बघवेना. सासूकडे ज्याने नजर उचलायची नाही, त्याने तिला उघडीवाघडी टेबलावर बघायची, तिच्या तोंडावर मास्क धरायचा. त्याने शेजारच्या गावातून दुसरा भूलवाला आणता येईल का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, येईपर्यंत आतडं थांबेल का? तो खाली मान घालून निघून गेला. दारात त्याचा खांदा चौकटीला आपटला, तेही त्याला कळलं नाही.

नर्सने मला सांगितलं की पडदा ओढून तिचा कमरेला गुंडाळलेला चितेंगे सोडा, कपडे काढा आणि हॉस्पिटलचा झगा चढवा. मी पडदा ओढला. तिला कुशीवर वळवलं, कमरेची गाठ सोडली. तोंडाने माझी बडबड चालूच होती, कारण बडबड थांबली तर मी रडले असते, आणि थट्टेच्या भावंडाने रडायचं नसतं. आणि तेवढ्यात आवाज आला.

बारीकसा आवाज. दाराची बिजागरी किरकिरावी तसा.

मी थांबले. ती म्हणाली, खाट करकरली. मी म्हटलं खाट करकरली तर करकरू दे, पण मी उंदीर खाते, माझं नाक शाबूत आहे, खाटेला असा वास येत नाही. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमच्यासारख्या काळ्या बायकांच्या पाळ्या लाल होत नाहीत म्हणतात, पण मी डोळ्यांनी पाहिल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहाटेपासून," ती म्हणाली. "तीनदा. बाकीचा मी दाबून धरलाय."

माझ्या हातातला झगा गळून पडला. पहाटेपासून! वाट मोकळी झाली होती, आतडी सुटली होती, म्हातारीचा देव पावला होता, आणि ही बया तट्ट पोट घेऊन, ढुंगण आवळून पडली होती! मी तिला म्हटलं की अगं भवाने, मग मगाशी मान का हलवलीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की वेडी मीच.

"तो उभा होता ना तिथे," ती म्हणाली. "जावयासमोर सांगू, मी पादले म्हणून?"

मी म्हटलं, नर्सला सांगायचंस. ती म्हणाली, नर्सला सांगितलं की नर्स ते लिहिणार, मग राउंडला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार, काल चौथ्या खाटेवालीचं वाचलं तसं. मी म्हटलं, मला सांगायचंस. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू काल काढलास तसा भोंगा काढला असतास. खरंच काढला असता. मग ती पांघरूण ओढून शांतपणे म्हणाली की लाज आहे म्हणून माणूस माणूस आहे, तिच्या आजीने शिकवलंय, इन्सोनी एबुंटू. आणि काळजी कशाला करतेस, डॉक्टर पोट उघडतील, आत बघतील, सगळं सुटलंय म्हणून परत शिवून टाकतील. भुलीत असताना जे होईल ते काही आपलं म्हणायचं नाही.

हे तिचं गणित. मला तिचा गळा दाबावासा वाटला. म्हटलं अगं, उघडलं म्हणूनच तर चिकटतं! बघायला म्हणून उघडलं तरी चिकटेल. पिशवी लावतील. मरशील! डॉक्टरने मला सांगितलंय. ती म्हणाली, मला नाही सांगितलं. आणि हेही खरं होतं. डॉक्टरांनी सगळं मला सांगितलं होतं आणि मी ते तिच्यापर्यंत पोचवलं नव्हतं, कारण आजारी माणसाला कसं सांगायचं? एका बाजूने हिने लपवलं, दुसऱ्या बाजूने मी. तिचं तोंड एकदम बदललं. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, खरंच मरेन? मी म्हटलं, थांब इथे, हलू नकोस, आणि दाबू नकोस, सोड सगळा!

आणि मी धावले. या वयात, या वजनाने, अनवाणी, व्हरांड्यातून. नर्स चोंबा पहिली भेटली. तिला म्हटलं, सरला, वारा सरला, ऑपरेशन थांबव. ती हसायला लागली. म्हणाली, बाना वूसी, आज नको, आज हसायची वेळ नाही. मी म्हटलं, देवाशपथ. ती म्हणाली, न्गोनीची शपथ बेंबासाठी, हे अजून छान. मी जितकी गळा काढून सांगत होते तितकी ती पोट धरून हसत होती.

थिएटरच्या दाराशी डॉक्टर सिताली कोपरापर्यंत हात धूत होत्या. मी आत घुसले. त्यांनी मागे न बघताच सांगितलं की हिला बाहेर काढा. मी सांगितलं, पहाटेपासून सरतोय, जावयाच्या लाजेने ती बोलली नाही, माझ्यासमोर आत्ता सरला, मी नाकाने खात्री केलीय. डॉक्टर म्हणाल्या, काल पण तुम्ही हेच ओरडत होतात. मी म्हटलं, कालचं खोटं होतं. त्या म्हणाल्या, आणि उद्या आजचंही खोटं म्हणाल.

मुकुका आत मास्क लावून उभा होता. मी त्याला म्हटलं, पोरा, तू तरी ऐक. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो हळूच म्हणाला की बाना वूसी, तुम्ही मला हसवायला आलात, ते कळतंय मला, उपकार आहेत तुमचे, पण आज नाही हसू येणार. आता काय बोलावं या माणसाला? मी खरं बोलत होते आणि त्याला ती माझी माया वाटत होती.

तेवढ्यात ढकलगाडी आलीच. दोन वॉर्डबॉय ढकलत होते आणि तिच्यावर बाना लोंबे, नाकात नळी, पायापासून डोक्यापर्यंत चादर ओढलेली. तोंडावरची चादर जावयासाठी, त्याने बघू नये आणि तिनेही बघू नये म्हणून. जिवंत माणसाला मेल्यासारखं झाकून आणलं होतं. मी वॉर्डबॉयना म्हटलं, मागे फिरा. ते फिरेनात. मग मी थिएटरच्या दारात आडवी पडले.

जमिनीवर, सपशेल, हात पसरून. म्हटलं, माझ्या अंगावरून न्या गाडी. आणि दोघं वॉर्डबॉय हसले! त्यांना वाटलं मी मयतीतल्यासारखी वाट अडवतेय. त्यातला एक म्हणाला, बाना वूसी, अजून मेली नाही ती, आत्ताच कशाला आडव्या पडता? दोघांनी माझे खांदे आणि पाय धरले आणि पोत्यासारखी उचलून बाजूला ठेवली. मी लाथा झाडल्या, ते अजून हसले. सगळा व्हरांडा गोळा झाला होता, खिडकीजवळची म्हातारी भिंत धरत आली होती, आणि सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. मला एकटीला रडू फुटलं. थट्टेच्या भावंडाला रडताना आमच्याकडे कुणी कधी पाहिलेलं नसतं, म्हणून त्यांना तेही नाटक वाटलं.

गाडीचं पुढचं चाक उंबऱ्यावर चढलं, आणि चादर हलली.

बाना लोंबेने ती आपल्या हाताने खाली ओढली. आधी कपाळ, मग डोळे, मग नळीवालं नाक. ती थेट मुकुकाकडे बघत होती. तो वळायला लागला, भिंत शोधायला लागला, पण थिएटरच्या दारात त्याच्या बाजूला भिंतच नव्हती.

"जावईबापू," ती म्हणाली, "भिंतीकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

वॉर्डबॉयचं हसू तोंडातच राहिलं.

"ही उंदीरखाऊ आज खरं बोलतेय," ती म्हणाली. "वारा पहाटेपासून सरतोय. तुमच्यासमोर सांगायची लाज वाटली म्हणून मी नाही म्हटलं. मला मरायचं नाही."

डॉक्टर सिताली ओले हात वर धरून बाहेर आल्या. त्या बाना लोंबेजवळ वाकल्या आणि आवाजात राग न आणता म्हणाल्या, आई, घाबरू नका, थिएटरचं दार दिसलं की सगळ्यांचाच वारा सरतो. माझ्या किती पेशंटनी इथे येऊन हेच सांगितलंय. भीतीने बोललेल्या शब्दावर मी तुमचं आतडं सडू देणार नाही.

माझी साक्ष तर आधीच बाद झालेली.

बाना लोंबेने डॉक्टरांकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती, नवऱ्याच्या मयतीतही नाही. ती म्हणाली, "मग ऐका." गाडीचा दांडा धरून ती कण्हत कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, आणि सोडला.

काय सांगू तुम्हाला! मी काल काढला तो भोंगा म्हणजे पोरखेळ. पहाटेपासून दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. लांबलचक, मध्ये एकदा थांबून पुन्हा, शेवटी वर चढत जाणारं. थिएटरच्या फरशीवर आणि भिंतींवर ते घुमलं. जावयासमोर, डॉक्टरांसमोर, अख्ख्या व्हरांड्यासमोर. कुणी हसलं नाही. मीही हसले नाही, शपथ घेऊन सांगते, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू.

मुकुकाने मास्क काढला. तो हळूहळू खाली गेला, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि दोन्ही तळवे खोलगट करून टाळ्या वाजवायला लागला. पोक, पोक, पोक. थोरांनी आपल्याला मोठं काही दिलं की वाजवतात तशा. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग वॉर्डबॉय खाली बसले आणि टाळ्या वाजवायला लागले, नर्स चोंबा बसली, म्हातारीला बसता येईना म्हणून ती उभ्यानेच वाजवू लागली. उभ्या फक्त डॉक्टर सिताली, धुतलेले हात वर धरून. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की हाही तुमचा एक रिवाज आहे का? मी म्हटलं, नव्हता, आजपासून आहे.

मग त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, तपासायची नळी कानाला लावून बराच वेळ ऐकलं, आणि ऐकता ऐकता पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. आत गडगडतंय म्हणाल्या, पाणी वाहतंय. गाडी मागे न्या. व्हरांड्यात असा गलका उठला की पुरुषांच्या वॉर्डातले लोक फुटबॉलचा गोल झाला का म्हणून विचारत बाहेर आले. मी बाना लोंबेच्या पायाशी गाडीवर चढून बसले आणि वॉर्डापर्यंत कुणाला उतरवू दिलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं नाही. त्या बाना लोंबेच्या खाटेवर बसल्या आणि सगळं तिलाच सांगितलं. आत चिकटलेलं आहे तसंच आहे, गेलेलं नाही. आज वाट मोकळी झाली. पुन्हा अडेल, पुढच्या महिन्यात, पाच वर्षांनी, कदाचित कधीच नाही, त्यांना सांगता येत नाही. थोडं थोडं खायचं, चावून खायचं, आणि कळ आली की लपवायची नाही. बाना लोंबेने सगळं ऐकून घेतलं. तिचा हात पोटावरच्या जुन्या टाक्यांवरून फिरत होता. तिने विचारलं की म्हणजे हे माझ्याबरोबरच राहणार? डॉक्टर म्हणाल्या, राहणार. बाना लोंबे म्हणाली, बरं. मग भिंतीकडे तोंड करून ती थोडा वेळ रडली, आणि मी तिला माकडखाऊ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकातली नळी काढली आणि पातळ पेज दिली. मुकुका एकटाच आला, मागेपुढे डॉक्टर नाही, नर्स नाही. तो खाटेजवळ थांबला. मी सवयीने उठले, चितेंगे सारखा केला आणि निरोप घ्यायला तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"आई," तो म्हणाला, "वारा सरला का?"

बाना लोंबेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं, किती जड गेलं ते मलाच ठाऊक. तिने पेजेचा पेला खाली ठेवला.

"सरला," ती म्हणाली. "रात्री दोनदा, आणि आत्ता तुम्ही यायच्या आधी."

"हे पुन्हा अडेल," तो म्हणाला. "अडलं की मला सांगायचं. नर्सला नको, बाना वूसींना नको. आधी मला."

"तुम्हालाच सांगेन," ती म्हणाली.

तो स्टूल ओढून बसला. ती पेज पीत होती, तो बघत होता, आणि माझ्याकडे कुणाचंही काही काम नव्हतं, म्हणून मी घेवडा विकायला बाजारात गेले.